रक्ताचा एक थेंब, केसाहून बारीक नळ्या आणि सेप्सिस

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन आज घरीच राहिलेत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतेय. मधले 'अं' आणि 'म्हणजे ना' काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मूळची अंबड तालुक्यातली आणि नोकरीला पुण्यात. त्यामुळे हे ऐकून कुणी घरच्या घरी इलाज सुरू करू नका. पण एखादं यंत्र आकडा कसा काढतं आणि त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे माझ्या रोजच्या कामाच्या जवळचं आहे. म्हणून आजचा विषय घेतलाय.

विषय आहे सेप्सिस, आणि सेप्सिसमध्ये रक्तात होणारे बदल पकडणाऱ्या छोट्या चिपा.

सेप्सिस हा शब्द आपल्याकडे फार कुणी वापरत नाही. आपण म्हणतो 'जखम सेप्टिक झाली', 'रक्तात इन्फेक्शन पसरलं', 'अंगात विष भिनलं'. आणि माणूस गेला की गावात कारण वेगळंच सांगितलं जातं. ताप डोक्यात गेला. किडनी फेल झाली. शुगर वाढली होती. यातल्या बऱ्याच वेळा मुळात सेप्सिस असतो, फक्त त्याचं नाव कुणाच्या तोंडात नसतं. नाव नसलेल्या गोष्टीची भीतीही वाटत नाही आणि घाईही होत नाही. आपली खरी अडचण इथूनच सुरू होते.

तर सेप्सिस म्हणजे काय? शरीरात कुठंतरी इन्फेक्शन होतं. विळ्याने कापलेलं बोट असेल, लघवीचं इन्फेक्शन असेल, न्यूमोनिया असेल, मधुमेह असलेल्या आजोबांच्या पायाची न भरणारी जखम असेल, बाळंतपणानंतरचं इन्फेक्शन असेल. आपली रोगप्रतिकारशक्ती त्याच्याशी लढते. पण काही वेळा ही लढाई हाताबाहेर जाते आणि शरीराचा प्रतिसादच शरीराच्या अवयवांना मारायला लागतो. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी सेप्सिसची जी व्याख्या ठरवली ती साधारण अशीच आहे: इन्फेक्शनला शरीराने दिलेला बिघडलेला प्रतिसाद, आणि त्यामुळे जिवावर बेतेल असं अवयवांचं नुकसान. लक्षात घ्या, जंतू ही फक्त सुरुवात असते. नासधूस करण्यात आपल्याच सैन्याचा हात असतो.

आकार किती मोठा आहे बघा. जानेवारी २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यातला अंदाज असा, की २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी जोडलेले होते. म्हणजे जगातल्या पाच मृत्यूंमागे जवळपास एक. त्यातले बहुतेक आपल्यासारख्या देशांतले, आणि त्यात लहान मुलं खूप.

आता वेळेचं गणित. २००६ साली सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमुळे बीपी कोसळलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला. बीपी पडल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत योग्य अँटिबायोटिक द्यायला जितका उशीर झाला, तितकी जगण्याची शक्यता दर तासाला सरासरी ७.६ टक्क्यांनी कमी होत गेली. हे फक्त बीपी पडलेल्या रुग्णांचं आहे, प्रत्येक तापाला लावू नका. पण मंठ्याकडच्या एखाद्या वस्तीवरून आधी गावच्या डॉक्टरकडे, मग तालुक्याला, मग जालन्याला सिव्हिलला आणि तिथून संभाजीनगरला घाटीत, असा प्रवास डोळ्यापुढे आणा. नुसतं जालना ते संभाजीनगर साठेक किलोमीटर आहे. प्रत्येक थांब्यावर एक सलाईन, एक 'बघू सकाळी'. तास कुठं जातात ते वेगळं सांगायला नको.

मग डॉक्टर लगेच ओळखत का नाहीत? कारण सुरुवातीला सेप्सिस अगदी साध्या तापासारखा दिसतो. नाडी जोरात, श्वास जोरात, अंग गरम. डेंग्यूतही तसंच, साध्या व्हायरलमध्येही तसंच. रक्तातले जंतू शोधायची पक्की टेस्ट म्हणजे ब्लड कल्चर. रक्त बाटलीत घालून जंतू वाढायची वाट बघायची. त्याला एक ते तीन दिवस लागतात, आणि सेप्सिस असूनही कल्चरमध्ये काहीच न उगवणं हेही खूप वेळा होतं. म्हणजे निर्णय तासाभरात घ्यायचा आणि रिपोर्ट परवा येणार.

म्हणून शास्त्रज्ञांनी प्रश्नच उलटा केला. जंतू शोधायच्या ऐवजी रक्ताचा प्रतिसाद बघू. सैन्य खवळलंय का, ते सैनिकांकडे बघूनच कळेल ना?

आणि रक्तात बदल खरंच होतात. पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या पेशी असतात, त्या आपल्या पहिल्या फळीतल्या. सेप्सिसमध्ये त्यांच्या पृष्ठभागावर सीडी६४ नावाचं प्रथिन वाढतं. त्यांचं वागणं बदलतं, आकार आणि लवचिकपणा बदलतो. तांबड्या पेशी एरवी फार लवचिक असतात. ७-८ मायक्रॉनची पेशी स्वतःहून बारीक केशवाहिनीतून अंग चोरून निघून जाते. सेप्सिसमध्ये त्या ताठर होतात आणि बारीक वाहिन्यांत रक्त अडखळायला लागतं. रक्तात आयएल-६ सारखे निरोप पोचवणारे रेणू वाढतात, लॅक्टेट वाढतं.

हे सगळं मोठ्या लॅबमध्ये मोजता येतं. पण त्यासाठी मशीन लागतं, टेक्निशियन लागतो, वेळ लागतो. आणि इथं आपली चिप येते.

मायक्रोफ्लुइडिक्स हा शब्द जड वाटला तरी ही गोष्ट तुम्ही हाताळलेली आहे. पुण्याच्या मायलॅबचं कोविसेल्फ आठवतंय? मे २०२१ मध्ये आयसीएमआरने त्याला मान्यता दिली होती. नाकातला नमुना द्रवात घालायचा, दोन थेंब पट्टीवर टाकायचे, आणि द्रव आपोआप पुढं सरकून रेघ उमटायची. ना पंप, ना बॅटरी. कागदातल्या सूक्ष्म पोकळ्यांमधून द्रव स्वतःच ओढला जातो. शुगर तपासायची पट्टी, प्रेग्नन्सीची पट्टी, सगळ्या एकाच गोत्रातल्या.

सेप्सिसची चिप ही त्याची पुढची पायरी. काचेच्या किंवा सिलिकॉनच्या रबरासारख्या पारदर्शक तुकड्यावर केसाहून बारीक नळ्या कोरलेल्या असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, या नळ्यांमधली काही वळणं १०-१५ मायक्रॉनची, म्हणजे एका वेळी एकच पेशी जाईल एवढी. आपल्या मोसंबीच्या बागेतलं ठिबक आठवा. मेन लाईन, सब-मेन, लॅटरल, ड्रिपर. पाणी किती, कुठं, किती वेगात द्यायचं हे नळीचा आकारच ठरवतो. चिपमध्ये पाण्याच्या जागी रक्त. आणि दुखणंही तेच: चोकअप! ठिबकला फिल्टर लावतो, अधूनमधून ॲसिड सोडतो. तसं रक्त गोठू नये म्हणून औषध घालावं लागतं, गुठळ्या अडवायला गाळणी लागते. प्रयोगशाळेत मस्त चालणारी चिप बाहेर आली की बंद पडते, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

आता तीन खऱ्या चिपा बघू. तिघींनी प्रश्न वेगवेगळा विचारलाय.

पहिली, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातली. रशीद बशीर आणि उमर हसन यांच्या गटाने २०१७ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये ती मांडली. लागतं फक्त १० मायक्रोलिटर रक्त. एका मिलिलिटरमध्ये असे शंभर नमुने बसतील. चिपच्या तोंडाशी तांबड्या पेशी फोडून बाजूला काढतात. मग पांढऱ्या पेशी एकेक करून इलेक्ट्रोडसमोरून जातात आणि प्रत्येक पेशी गेली की विजेच्या अडथळ्यात एक छोटा टिपका येतो. मोजणी झाली. पुढच्या खोलीत सीडी६४ ला धरून ठेवणाऱ्या अँटिबॉडी लावलेल्या असतात. ज्या पेशींवर सीडी६४ जास्त, त्या तिथंच चिकटतात. बाहेर पडताना पुन्हा मोजणी. समृद्धी महामार्गावर एका इंटरचेंजला किती गाड्या आत आल्या आणि पुढच्या इंटरचेंजला किती बाहेर पडल्या हे मोजलं, की मधे किती थांबल्या ते आपोआप कळतं. तेच गणित. मायक्रोस्कोप नको, बघणारा माणूस नको, फक्त दोन मोजण्या आणि एक वजाबाकी. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला हे डिझाईन बघून मनापासून दाद द्यावीशी वाटते.

दुसरी चिप बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधली, डॅनियल इरिमिया यांच्या गटाची, २०१८ ची. यांनी चक्क भूलभुलैया बनवला. रक्ताचा थेंब विरळ करून चिपमध्ये सोडायचा आणि न्यूट्रोफिल काय करतात ते बघायचं. निरोगी माणसाच्या पेशी, कुणी बोलावलं नाही तर बऱ्यापैकी गप्प बसतात. सेप्सिसच्या रुग्णाच्या पेशी मात्र कारण नसताना त्या गल्ल्यांमध्ये सैरावैरा फिरायला लागतात. या हालचालींवरून त्यांनी स्कोर काढला. त्यांच्या छोट्या अभ्यासात सेप्सिस असलेल्यांपैकी ९७ टक्के पकडले गेले आणि नसलेल्यांपैकी ९८ टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हटलं गेलं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागतील.

तिसरी प्रयोगशाळेतून बाहेर पडून बाजारात पोचली आहे. सॅन फ्रान्सिस्कोची सायटोव्हेल कंपनी, टेस्टचं नाव इंटेलिसेप. पांढऱ्या पेशी बारीक वाहिनीतून जोरात सोडायच्या, प्रवाहाने त्यांना दाबायचं आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने फोटो घ्यायचे. कोणती पेशी किती दबली, किती फुगली यावरून सॉफ्टवेअर एक आकडा काढतं आणि रुग्णाला तीन पट्ट्यांपैकी एकात टाकतं: शक्यता कमी, मधली, जास्त. दहा मिनिटांच्या आत उत्तर. इमर्जन्सीत इन्फेक्शनच्या संशयाने आलेल्या मोठ्या माणसांसाठी अमेरिकेच्या एफडीएने तिला परवानगी दिल्याचं कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं. पण ही काही बोटाला टोचून घरी करायची टेस्ट नाही. शिरेतलं रक्त लागतं, हॉस्पिटलची लॅब लागते, मशीन लागतं.

एक गंमत म्हणून सांगते. गल्लीतल्या लॅबमध्ये आपण जी सीबीसी करतो, तिचं मशीनही मुळात पेशी एका बारीक भोकातून सोडूनच मोजतं. बेकमन कुल्टर कंपनीच्या काही सीबीसी मशीनमध्ये मोनोसाइट पेशींच्या आकारात किती फरक आहे, हे सेप्सिसची सूचना म्हणून वापरायला एफडीएने २०१९ मध्ये परवानगी दिली. म्हणजे काही वेळा नवं मशीनच लागतं असं नाही, जुन्याच मशीनला नवा प्रश्न विचारावा लागतो.

बरं, थेंबभर रक्तात होतं याचं एवढं कौतुक का? सुई कुणाला आवडत नाही हे तर झालंच, पण खरा मुद्दा बाळांचा आहे. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारण २०० मिलिलिटर. एक चहाचा मोठा कप. त्यातून तपासणीसाठी २ मिलिलिटर काढलं तर एक टक्का गेलं. मोठ्या माणसाच्या हिशोबाने ते ५० मिलिलिटर झालं. असं दिवसातून चार वेळा करता येईल का? नाही. मग बाळाच्या रक्तात काय बदलतंय हे तासातासाला कळणार कसं? १० मायक्रोलिटरमध्ये काम झालं तरच.

आणि 'तासातासाला' हा शब्द महत्त्वाचा आहे. आमच्या कामात सर्व्हर एका क्षणी किती लोडवर आहे एवढ्यावर कुणी निर्णय घेत नाही. आलेख बघतो. कालपासून चढतोय की उतरतोय? एक वाचन म्हणजे स्क्रीनशॉट, आणि सेप्सिस ही पळणारी गोष्ट आहे. पांढऱ्या पेशी १४,००० आहेत एवढ्याने फार कळत नाही. सकाळी ९,००० होत्या, दुपारी १४,००० झाल्या आणि श्वास वाढला, यातून खूप कळतं. अँटिबायोटिक दिल्यावर लॅक्टेट उतरतंय का, पेशींचं सैरावैरा पळणं थांबतंय का, यावरून औषध लागू पडतंय की बदलायचं ते ठरतं. चिपचं खरं सोनं इथं आहे, थोड्या रक्तात पुन्हा पुन्हा मोजण्यात.

आता थोडं थंड पाणी ओतते.

मघाचे ते ९७ आणि ९८ आठवा. ऐकून वाटतं, झालं की काम, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक ठेवून देऊ. हिशोब करू या. समजा आयसीयूत शंभर रुग्ण आहेत आणि त्यातल्या पन्नास जणांना सेप्सिस आहे. टेस्ट त्यातले ४८-४९ पकडेल आणि नसलेल्यांपैकी एकाला चुकून 'आहे' म्हणेल. भारी. आता तीच टेस्ट पावसाळ्यातल्या तापाच्या ओपीडीत आणा. समजा हजार तापाचे रुग्ण आले आणि खरा सेप्सिस दहाच जणांना आहे. टेस्ट ते दहाही पकडेल असं धरू. पण उरलेल्या ९९० पैकी २ टक्के, म्हणजे वीस जणांनाही ती 'सेप्सिस' म्हणेल. एकूण तीस जणांना लाल दिवा आणि त्यातले वीस खोटे! मशीन तेच, अचूकता तीच, पण कुणाला टेस्ट केली यावर उत्तराचा अर्थ बदलला.

मग त्या वीस जणांना संभाजीनगरला पळवायचं? जड अँटिबायोटिक द्यायचं? आधीच आपल्याकडे साध्या सर्दीला अँटिबायोटिक घेऊन घेऊन जंतू निर्ढावलेत. आणि दोन महिने खोटे दिवे बघितल्यावर तिथली नर्स खऱ्या दिव्याकडेही दुर्लक्ष करायला लागेल. आम्ही याला अलर्टचा थकवा म्हणतो. रात्री तीन वाजता दहाव्यांदा खोटा अलार्म वाजला की माणूस फोन सायलेंट करतो.

उलट बाजूही बघा. चिपचा 'नाही' हा फार उपयोगी असू शकतो. ज्याला सेप्सिस नाही हे जवळपास खात्रीने कळलं, त्याला उगाच जड औषध नाही, उगाच रेफर नाही, घरच्यांनी दागिने गहाण ठेवून अँब्युलन्स करणं नाही. जालन्यासारख्या जिल्ह्यात मला तर 'हो'इतकाच हा 'नाही' मोलाचा वाटतो.

आता प्रश्न असा, की चिप अजून हातात नाही, मग तोवर काय? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे, आणि ते तीस वर्षं जुनं आहे. गडचिरोली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून तिथं काम करतायत, त्यांची संस्था 'सर्च'. नव्वदच्या दशकात तिथल्या खेड्यांत हजार जिवंत जन्मांमागे साठच्या आसपास बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. मोठं कारण सेप्सिस. हॉस्पिटल लांब, आणि बाळंतिणीला घराबाहेर काढायची रीत नाही. मग त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं, थोडंच शिकलेल्या बायकांना. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. या बायका घरी जाऊन बाळ तपासायच्या, सेप्सिस ओळखायच्या आणि आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायच्या.

ओळखायच्या कशावरून? चिप नव्हती, लॅब नव्हती. त्यांनी खुणा ठरवल्या होत्या. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं मंदावलं. आधी चांगलं ओढणाऱ्या बाळाने दूध ओढणं कमी केलं. हातपाय ढिले पडले. पोट फुगलं. अंग गार लागतंय. अशा खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या की सेप्सिस समजून पुढं जायचं. इथला 'आधी' हा शब्द पुन्हा वाचा. आधी ओढत होतं, आता ओढत नाही. हा आलेखच आहे! तासातासाची नोंद, फक्त यंत्राच्या जागी आई आणि आरोग्यदूत.

निकाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ३९ गावांत हे काम केलं, ४७ गावांशी तुलना केली. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती, आरोग्यदूतांच्या उपचारानंतर ते प्रमाण २.८ टक्क्यांवर आलं. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढं याच कामाच्या धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताईंनी घरी जाऊन नवजात बाळ तपासायची योजना सुरू झाली. तुमच्या गावातली आशाताई बाळंतपणानंतर पुन्हा पुन्हा का येते, त्याचं मूळ इथं आहे.

त्याच टीमचं एक यंत्र मला फार आवडतं. बाळाला न्यूमोनिया आहे का हे बघायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. पण ज्या सुईणींना साठपर्यंत आकडे मोजता येत नाहीत, त्यांनी काय करायचं? तर एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. बस्स. दहापर्यंत मोजता आलं की झालं. वापरणारी बाई कोण आहे, तिला काय येतं, तिच्या हातात निकाल आल्यावर ती पुढं काय करू शकते, हे सगळं आधी विचारात घेतलंय. नुसता आकडा दिला नाही, आकड्यानंतरचं औषधही तिच्या पिशवीत होतं.

मला वाटतं, सेप्सिसच्या चिपला जालन्यात यायचं असेल तर हीच परीक्षा द्यावी लागेल. ४२ डिग्रीच्या मे महिन्यात चालेल का? लाईट गेल्यावर? धूळ असताना? एका टेस्टचा खर्च किती? कोण वापरणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाल दिवा लागल्यावर पुढचा माणूस तयार आहे का? औषध आहे का, १०८ किती वेळात येते, पुढच्या हॉस्पिटलला आधी फोन जातो का? साखळीत पुढची कडी नसेल, तर दहा मिनिटांत मिळालेलं उत्तर चार तास नुसतं कागदावर पडून राहील.

म्हणून माझं मत असं, की ती आधी प्रत्येक केंद्रात नको. आधी ग्रामीण रुग्णालयात आणि सिव्हिलला हवी, जिथं 'इथंच ठेवायचं की पुढं पाठवायचं' हा निर्णय होतो आणि जिथं संशय असलेलेच रुग्ण पोचतात. मघाचं गणित तिथं आपल्या बाजूने असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात जी दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, त्यात जालना आहे आणि गडचिरोलीही. शहरात आयसीटीचा कॅम्पस आहे, इंजिनिअरिंग शिकणारी पोरं आहेत. चिप कुठंही बनू दे, ती आपल्या रक्तावर, आपल्या उन्हात, आपल्या माणसांच्या हातात चालते का हे तपासायचं काम इथं होऊ शकतं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी मेडिकलला असेल, कुणी इन्स्ट्रुमेंटेशनला असेल, तर प्रोजेक्टचा विषय म्हणून डोक्यात ठेवा. अजून एक अटेंडन्स ॲप बनवण्यापेक्षा बरं.

आणि बाकीच्यांनी? तुमच्या हातात आजच दोन गोष्टी आहेत.

पहिली, खुणा माहीत असू द्या. इन्फेक्शन झालेल्या मोठ्या माणसात श्वास खूप वाढणं, असंबद्ध बोलणं किंवा ग्लानी येणं, बीपी पडणं, दिवसभर लघवी न होणं, जोराची थंडी वाजून अंग गार किंवा चट्टेदार पडणं. मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि शुद्धीत फरक, या तीन गोष्टी डॉक्टरही बघतात. फक्त या तिघांवरच विसंबू नका असं २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सूचना सांगतात, म्हणजे या खुणा नाहीत म्हणून निर्धास्तही राहायचं नाही. आजी 'आज काहीतरी वेगळंच बरळतेय' हे म्हातारपणावर ढकलू नका. तिला लघवीचं इन्फेक्शन असेल तर ती धोक्याची घंटा आहे. अशा वेळी घरी सलाईन लावायला कुणाला बोलावू नका. १०८ ला फोन करा, आणि हॉस्पिटलमध्ये सरळ विचारा, 'डॉक्टर, हा सेप्सिस तर नसेल ना?' प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

दुसरी गोष्ट, लॉग ठेवा. २०२१ मध्ये घेतलेला ऑक्सिमीटर, थर्मामीटर, कुणाकडे बीपीचं मशीन, कपाटात पडून असेल. घरात कुणाला इन्फेक्शन असेल आणि तब्येत उतरताना दिसली, तर मोबाईलच्या नोट्समध्ये वेळ घालून लिहा. सकाळी ८, ताप १०१, श्वास १८, चहा घेतला, लघवी झाली. दुपारी १२, ताप १०२, श्वास २४, जेवली नाही, झोपाळलेली. कोणती गोळी किती वाजता दिली तेही. पण नोंदी भरत बसायच्या म्हणून निघायला उशीर करू नका. गाडीत बसूनही लिहिता येतं. नव्या डॉक्टरसमोर 'दोन दिवसांपासून बरं नाही' म्हणण्यापेक्षा ही चार ओळींची नोट शंभर पटीने उपयोगी. त्याला स्क्रीनशॉटऐवजी आलेख मिळतो, आणि त्याचा निर्णय लवकर होतो.

१३ सप्टेंबर हा जागतिक सेप्सिस दिन असतो. त्या दिवशी स्टेटस ठेवा न ठेवा, पण हा शब्द घरच्या ग्रुपवर एकदा समजावून सांगा. आजी-आजोबांना कळेल अशा भाषेत.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्यापैकी कुणी नर्स, आशाताई किंवा लॅब टेक्निशियन असेल, तर तुमच्याकडे वेळ नेमका कुठं जातो ते कॉमेंटमध्ये लिहा. पुढच्या भागात ती उत्तरं वाचून दाखवेन. काळजी घ्या, भेटू या.